त्रिनिदादला सासरच्या गावी जायचंय: बॅग भरायच्या आधीची आणि नंतरची तयारी

मेच्या शेवटी आम्ही सगळे त्रिनिदादला चाललोय, आम्ही चौघं टोरोंटोहून आणि आई-बाबा नि ताईचा मुलगा कोल्हापूरहून आधी इकडे येऊन मग आमच्याबरोबर. नवऱ्याचं मूळ घर तिकडचं, कारापिचायमाच्या बाजूला, पणजोबा कलकत्त्याहून जहाजाने ऊस तोडायला आलेला आणि मग तिथलाच झालेला. फॅमिली ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतंय की काय काय घ्यायचं, स्वेटर लागेल का, मेतकूट चालेल का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, दुसऱ्या कुणाला जायचं असेल तर त्यांनाही कामाला येईल. एक सांगते आधीच, बॅग ही शेवटची गोष्ट आहे. मुळं शोधायला म्हणून जाताय ना, मग निम्मी तयारी कागदांची आणि म्हाताऱ्या माणसांची असते, आणि ती घरबसल्या दोन महिने आधी चालू करावी लागते, तिथे उतरल्यावर सुरू केली तर सुट्टी बीचवर संपते (तीही वाईट नाही म्हणा).

तर कागद. १८४५ च्या ३० मेला फतेल रझाक नावाचं जहाज सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं, तिथपासून १९१७ पर्यंत साधारण १ लाख ४३ हजार माणसं करारावर त्रिनिदादला आली, बहुतेक आजच्या पूर्व यूपी-बिहारची, बस्ती, गोंडा, आझमगढ, गाझीपूर या पट्ट्यातली. प्रत्येकाचा एमिग्रेशन पास बनायचा, त्यावर नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण असं सगळं असायचं. जहाजांची आणि मजुरांची जुनी रजिस्टरं पोर्ट ऑफ स्पेनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. पण तिथे जाऊन "आमचा पणजोबा शोधून द्या" म्हटलं तर कुणी काही करू शकत नाही, तुमच्याकडे जहाजाचं नाव, साधारण वर्ष किंवा मजूर नंबर यातलं काहीतरी पाहिजे. ते मिळवायचं म्हणजे उलटं जायचं: नवऱ्याचा जन्मदाखला, मग सासऱ्यांचा, मग त्यांच्या वडलांचा. जुन्या दाखल्यावर कधीकधी आईबापाचं जहाज आणि नंबर लिहिलेला असतो, तो दिसला की लॉटरीच लागली समजा.

आणि इथे बऱ्याच जणांना धक्का बसतो म्हणून आधीच सांगून ठेवते. जुन्या दाखल्यावर बापाचं नाव नसलं तर घरात कुजबुज करायची गरज नाही. हिंदू पद्धतीने लागलेली लग्नं तिथल्या कायद्याने १९४० च्या दशकापर्यंत मान्यच नव्हती, मांडव घालून, सगळ्या गावासमोर, पंडिताने लावलेलं लग्न सरकारदरबारी शून्य, त्यामुळे पोरं अनौरस म्हणून नोंदवली गेली आणि नुसतं आईचं नाव लागलं. सासऱ्यांच्या वडलांच्या दाखल्यावर तसंच आहे आणि घरात ती गोष्ट पन्नास वर्षं कुणी काढली नाही. आडनावांचंही तेच, येताना माणसाला एकच नाव असायचं, मग बापाचं नाव पुढच्या पिढीचं आडनाव झालं, आणि कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. त्यामुळे एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगं कागदावर लिहून न्या, एकच धरून बसलात तर हाताला काही लागणार नाही. सगळ्या दाखल्यांचे फोटो फोनमध्ये आणि एक झेरॉक्सचा सेट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तो फोल्डर माझ्याकडे राहील, बाबांकडे नको.

दुसरी तयारी म्हणजे आजी. नवऱ्याची आजी, म्हणजे तिकडेही आजीच म्हणतात, नव्वदी पार केलेली, सकाळी चांगली बोलते आणि दुपारनंतर दमते, तर पहिले तीन दिवस सकाळी कुठलाही प्रोग्रॅम ठेवायचा नाही. तिला "तुमचं भारतातलं गाव कोणतं" असं विचारू नका, तिला ते माहीत नाही आणि विचारलं की ती गप्प होते, आपल्यालाच काही येत नाही असं वाटतं तिला. त्यापेक्षा विचारा की कुठल्या इस्टेटवर, म्हणजे उसाच्या मळ्यावर होतात, बराकीत शेजारी कोण होतं, ऊस कापायचे दिवस आले की घरातून किती वाजता निघायचे, लग्नात कोण गायचं, दुकानात उधारी कुणाकडे असायची. त्यातून नावं आपोआप निघतात. जुने फोटो असतील तर मोठे प्रिंट करून न्या, फोनच्या स्क्रीनवर तिला दिसत नाही. रेकॉर्डिंग करायचं तर आधी तिला विचारून, आणि मुलांपैकी एकाने फोन धरायचा, मोठ्यांनी मध्ये मध्ये बोलायचं नाही (हे बाबांसाठी). आणखी एक, घरातले निम्मे लोक प्रेस्बिटेरियन म्हणजे ख्रिश्चन आहेत, कॅनडाच्या मिशनऱ्यांनी १८६८ नंतर शाळा काढल्या आणि मास्तरकी पाहिजे तर बऱ्याच जणांना धर्म बदलावा लागला, त्यामुळे एका काकांकडे दिवाळी आणि दुसऱ्या काकांकडे ख्रिसमस असतो आणि दोघं दोन्हीकडे जेवायला असतात. याच्यावर तिथे चर्चा नको, प्लीज.

तारखा मुद्दाम अशा धरल्यात की ३० मे तिथे मिळेल, त्या दिवशी इंडियन अरायव्हल डेची सरकारी सुट्टी असते, मिरवणुका, ताशा, काही ठिकाणी जहाजातून उतरण्याचा देखावा करतात. मुलांची शाळा इथे जूनअखेरपर्यंत असते, ती बुडणार, बुडू दे. पण सुट्टी म्हणजे आर्काइव्ह्जही बंद, आणि जूनच्या सुरुवातीला कॉर्पस क्रिस्टीची सुट्टी येऊ शकते, तर ऑफिसची कामं आधी उरकायची. नेल्सन आयलंडचं बुकिंग निघायच्या आधी करायचं. १८६६ पासून जहाजातून आलेल्यांना आधी त्या छोट्या बेटावर उतरवायचे, तपासायचे आणि मग इस्टेटींवर वाटून द्यायचे, नॅशनल ट्रस्ट तिकडे बोटीने फेऱ्या काढतो पण रोज नाही. बोट लागणाऱ्यांनी गोळी घ्या.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्टला त्रिनिदादसाठी व्हिसा लागत नाही, तरी तिकीट काढायच्या दिवशी परत एकदा बघून घ्या, नियम बदलतात. खरी कटकट मधल्या देशाची असते, अमेरिकेतून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. आपण टोरोंटोहून सरळ जातोय, पाच-साडेपाच तास, त्यामुळे तो प्रश्न नाही, फक्त आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते बघा कारण परत इकडेच यायचंय.

यलो फीव्हर मात्र कुणी हलक्यात घेऊ नका. भारत सरकारच्या यलो फीव्हरवाल्या देशांच्या यादीत त्रिनिदाद आहे, म्हणजे तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं पिवळं कार्ड नसलं तर विमानतळावरून उचलून क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस निदान दहा दिवस आधी घेतलेली पाहिजे आणि ती ठरलेल्या सरकारमान्य सेंटरलाच मिळते, नेहमीच्या डॉक्टरकडे नाही. त्यात साठीच्या पुढच्यांना ही लस जरा जपून देतात, तर बाबांनी आधी डॉक्टरांना विचारायचं, म्हणूनच त्यांचं परतीचं तिकीट मी त्रिनिदादनंतर पंधरा दिवसांनी काढलंय, टोरोंटोत आराम करा. भाचा मात्र लगेच परत जाणार, कॉलेज आहे, त्याने लस घेऊनच यायचं.

बॅगेत सुती कपडे, मे म्हणजे कोरडा मोसम संपून पाऊस सुरू होण्याचे दिवस, घामाच्या धारा आणि मध्येच सर. स्वेटर फक्त विमानासाठी. मच्छरांचं क्रीम भरपूर, डेंग्यू असतो. आणि आर्मीच्या डिझाइनचं, म्हणजे ते हिरव्या-खाकी ठिपक्यांचं काहीही नको, पँट नको, टोपी नको, लहान मुलांचीही नको, तिथे सामान्य माणसाने ते घालणं बेकायदेशीर आहे आणि कस्टमवाले काढून घेतात. धाकट्याची लाडकी शॉर्ट्स मी लपवून ठेवलीय. प्लग अमेरिकेसारखा, ११५ व्होल्ट, त्यामुळे आईने कोल्हापूरहून छोटा मिक्सर आणायचा नाही, तो तिथे नुसता घुरघुरेल. गिफ्ट म्हणून साड्याही नकोत, शग्वानसच्या मेन रोडवर साड्यांची इतकी दुकानं आहेत की आपणच घेऊन येऊ. कोल्हापुरी चपला मात्र सगळ्यांना पाहिजेत, नणंदेने कागदावर पाय ठेवून पेन फिरवून सगळ्यांच्या पायांचे आकार पाठवलेत, अकरा नंबरचा एक आहे, तो बनवायलाच टाकावा लागेल.

खाण्याचं बाबांना टेन्शन आहे, ते घेऊ नका, शाकाहारी माणसाची तिथे चैन आहे. सकाळी साधा रोटी आणि बैंगन चोका: वांग्याला चिरा देऊन आत लसणाच्या पाकळ्या खुपसतात, मग गॅसच्या जाळावर साल काळी होऊन फुटेपर्यंत भाजतात, साल काढून घोटतात, वर कच्चा कांदा घालतात आणि कडकडीत तेलात लसूण लाल करून ते तेल चर्रकन ओततात. डाळपुरी आहे, बोडीची म्हणजे चवळीच्या लांब शेंगांची भाजी आहे, कच्च्या आंब्याची करी आहे. रस्त्यावर डबल्स, दोन मऊ तळलेले बारा (म्हणजे पुरीसारखे, आकडा नव्हे) आणि मध्ये छोले, कागदात गुंडाळून हातात देतात, उभ्याउभ्या खायचं आणि शर्टावर सांडायचं. तो विचारेल मिरची किती, तेव्हा "स्लाइट" म्हणा. आम्ही कोल्हापूरचे म्हणून मिशीला पीळ देऊ नका, मोरुगा स्कॉर्पियन ही मिरची तिथलीच, २०१२ मध्ये तिच्या काही फळांचा तिखटपणा २० लाख स्कोव्हिलच्या वर मोजला गेला होता, तांबडा रस्सा तिच्यापुढे सरबत.

तिकडच्या घरी पूजा ठेवलीय, हनुमानाची, पूजा झाली की अंगणात बांबूवर लाल झेंडी लावतात, तिथे हिंदू घर लांबूनच त्या झेंड्यांवरून ओळखू येतं. पूजेच्या आधी काही दिवस घरात मटण-मासे-दारू बंद असते, त्यामुळे माराकस बीचवरचं बेक अँड शार्क, म्हणजे तळलेल्या पावातला शार्क मासा, ज्यांना खायचंय त्यांनी पूजेनंतरचा दिवस धरा. जेवण सोहारीच्या पानावर (आपलं केळीचं पान असतं तसं), हाताने, चमचे मागू नका. पंडित जे म्हणतील, जसं म्हणतील तसं ऐकायचं, उच्चार दुरुस्त करायला आपण चाललो नाहीये. हे मी जरा स्पष्टच लिहिते कारण इकडे मी फार वेळा ऐकलंय, भारतातून गेलेले पाहुणे तिथल्या लोकांना खरी आरती कशी असते, खरी रोटी कशी असते ते शिकवायला लागतात. ज्यांनी कायद्याने लग्न मानलं नाही तरी मांडव घातला त्यांना आपण काय शिकवणार.

वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ बघायला नुसतं फोटोपुरतं जाऊ नका. शिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने १९४७ ला किनाऱ्यावर देऊळ बांधायला घेतलं, जमीन साखर कंपनीची, १९५२ ला ते पाडलं आणि त्याला १४ दिवस तुरुंगात टाकलं. बाहेर आल्यावर त्याने ठरवलं की समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही, आणि ओहोटीला सायकलवरून दगड-सिमेंट नेऊन चिखलात भर घालत आयुष्य काढलं. आत्ताचं देऊळ १९९५ ला नव्याने उभं केलंय. शेजारीच स्मशान आहे, आज्याला तिथेच अग्नी दिला, त्यामुळे आजी बरोबर असेल त्या दिवशी गॉगल-सेल्फी नको. जवळच इंडियन कॅरिबियन म्युझियम आहे, एक तास ठेवा. आणि बाबा, तुमच्यासाठी खास: कारापिचायमातच दत्तात्रेय योगा सेंटर आहे, ८५ फुटी हनुमानाची मूर्ती तिथेच, नरसोबाच्या वाडीची पौर्णिमा चुकणार म्हणून जी कुरकुर चाललीय ती थांबवा.

भाचा पथकात ताशा वाजवतो आणि त्याला तिकडचा ताशा वाजवायचाय, तर काड्या आणू दे पण ताशा आणू नकोस, जागा नाही. तिथे एक कटर पुढे वाजवतो, बाकीचे ताल धरतात, मोठा ढोल आणि झांज असते, आणि वाजवायच्या आधी शेकोटी पेटवून चामडं तापवतात, मध्येच उतरलं की परत शेकोटीकडे. बघत बस, दुसऱ्या दिवशी ते स्वतःच हातात देतील.

फिरायला चुलत दीर गाडी देतोय, गाडी डावीकडूनच चालते त्यामुळे बाबांना बरं वाटेल, पण रात्री उशिरा आपापलं कुठे जायचं नाही, गुन्हेगारी आहे, घरच्यांना विचारून. दुकानात, टॅक्सीत शिरलं की आधी गुड मॉर्निंग म्हणायचं, रात्री भेटल्यावरही गुड नाइट म्हणूनच बोलायला सुरुवात करतात, म्हाताऱ्यांना सीताराम. एका अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसात त्रिनिदाद डॉलर मिळतात, डबल्सवाल्यासाठी सुट्टे ठेवा.

येताना प्रत्येकाच्या बॅगेत पाच किलो जागा रिकामी पाहिजे, कुचेला (कच्च्या आंब्याचं तिखट लोणचं) आणि पेपर सॉसच्या बाटल्या येणारच आहेत, त्या चेक-इनमध्ये, दोन पिशव्यांत गुंडाळून, आईच्या साड्यांपासून लांब. ज्यूली आंबे तिथेच पोटभर खायचे, आणायचे नाहीत, बियासुद्धा नाहीत. बाबांच्या बीपीच्या गोळ्या हँडबॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. चपलांचे पैसे मी ताईला जीपे केलेत.