विणकामातल्या या चुका टाळा: सुईचा नंबर, सुताचे मीटर आणि नमुना तुकड्याचा कंटाळा

स्वेटर फसला की दोष हाताला दिला जातो. “माझा हात घट्ट आहे”, “माझा हात सैल आहे”. हात बहुतेक वेळा निर्दोष असतो. घोटाळा पहिला टाका घालण्याआधीच झालेला असतो, लोकरीच्या दुकानात नाहीतर सुयांच्या डब्याशी. तो उघडा पडतो पाठ, दोन्ही पुढचे भाग आणि एक बाही विणून झाल्यावर.

आठ नंबर म्हणजे कुठला आठ?

आपल्या घरांत सापडणाऱ्या सुयांवर जुना इंग्रजी नंबर असतो. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर ३.२५ मिमी, १२ नंबर २.७५ मिमी. अमेरिकेत याच्या अगदी उलट, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ८ नंबर ५ मिमीची आणि १० नंबर ६ मिमीची. डाउनलोड केलेला नमुना, म्हणजे विणायची लेखी कृती, अमेरिकन असतो, सुया आजीच्या डब्यातल्या असतात आणि दोन्हींवर ‘८’ लिहिलेलं असतं. शंका यावी तरी कशी?

असाच एक स्वेटर, नवऱ्यासाठी हौसेने घेतलेला. नमुन्यात तयार छाती १०२ सेंमी, म्हणजे ४० इंच. सुया ‘८ नंबर’, १० सेंमीत १८ टाके, पाठीला ९२ आणि पुढच्या भागाला ९२. डब्यातल्या ८ नंबरच्या सुया निघाल्या. दुकानदाराने “आठ नंबरला हीच लोकर जाते” म्हणत त्या सुईला साजेशी बारीक लोकर दिली. त्याच्या परीने तो बरोबरच होता. प्रत्यक्षात १० सेंमीत २२ टाके बसत होते. १८४ टाक्यांना २२ चा हिशेब लावा: छाती भरते जेमतेम ८४ सेंमी, म्हणजे ३३ इंच. सुईवर टाके गोळा झालेले असतात, त्यामुळे विणताना सात इंचांची ही तूट डोळ्याला दिसतच नाही. पाठ झाली, पुढचा भाग झाला, बाह्या झाल्या. अडीच महिन्यांनी शिवण घातली तेव्हा स्वेटर नवऱ्याच्या डोक्यातून उतरला आणि खांद्यावर अडकला. शेवटी तो बारा वर्षांच्या पुतण्याकडे गेला. लांबी मात्र टेपने मोजून विणलेली, त्यामुळे बरोबर मोठ्या माणसाची. पोराला तो मांडीपर्यंत येतो.

यावर उपाय सोपा आहे. नंबर विसरा, मिलिमीटर वाचा. नमुन्यात मिमी दिलेले नसतील तर ५ ते ९ नंबरांपुरता एक तोंडी हिशेब चालतो: आपला नंबर १४ मधून वजा केला की अमेरिकन नंबर मिळतो. आपली ६ ती त्यांची ८, आपली ८ ती त्यांची ६. ७ नंबर दोन्हीकडे सारखाच, साडेचार मिमी. त्यापलीकडे हा हिशेब लावू नका, कारण आपली १० नंबर ही त्यांची ३ नंबर आहे. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या सुयांवरचे आकडे घासून गेलेले असतात. भोकांची मोजपट्टी घेऊन एकदा सगळा डबा तपासा आणि सुईच्या टोपीवर नेलपॉलिशने मिमी लिहून ठेवा. एका दुपारचं काम आहे, पुन्हा करावं लागत नाही.

नमुना तुकडा न विणणं

नमुना तुकडा म्हणजे स्वेटर सुरू करण्याआधी त्याच लोकरीने, त्याच सुईवर माप बघायला विणलेला छोटा चौकोन. “तो कशाला, सरळ सुरू करते, चार बोटं विणल्यावर बघू.” हे वाक्य ऐकलं की पुढचं उसवणं दिसायला लागतं. चार बोटांच्या काठावरून काहीही कळत नाही. काठ एक सुलट एक उलट असतो आणि तो आक्रसतो.

तुकडा असा विणा. १० सेंमीत २२ टाके हवे असतील तर ३० टाके घाला. पहिल्या चार ओळी सगळ्या सुलट. नंतर दोन्ही कडांना तीन-तीन टाके कायम सुलट ठेवून मधे एक ओळ सुलट, एक ओळ उलट. १२-१३ सेंमी झाले की चार ओळी सुलट विणून टाके बंद करा. पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा विणून त्यावर पट्टी ठेवणं ही स्वतःची फसवणूक आहे, कारण कडेचे टाके नेहमी वेगळे पडतात.

आता सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी. तुकडा धुवा, आणि पुढे तो स्वेटर जसा धुतला जाणार आहे तसाच धुवा. सपाट वाळवा, मग मधोमध १० सेंमी मोजा. अर्धा टाकासुद्धा मोजायचा. २२० टाक्यांच्या स्वेटरमध्ये २२ ऐवजी साडेएकवीस टाके बसले तर छाती १०० ऐवजी १०२ सेंमी होते, ते चालून जाईल. २० बसले तर ११० सेंमी होते, आणि ते चालत नाही. मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली मेरिनो मेंढीची लोकर तर पाण्यात गेल्यावर पसरते. कोरड्या तुकड्याचं माप तिच्यासाठी निरुपयोगी.

टाके जास्त बसले तर सुई जाड घ्या, कमी बसले तर बारीक. “मी जरा सैल विणीन” हा उपाय नव्हे. तिसऱ्या ओळीला हात आपल्या सवयीवर येतोच. स्वेटर गोल सुईवर (दोन टोकं लवचीक वायरने जोडलेल्या सुईवर) नळीसारखा विणायचा असेल तर तुकडाही गोल विणा. बऱ्याच जणींची उलट ओळ सुलटपेक्षा सैल पडते आणि गोल विणताना उलट ओळ येतच नाही.

या सगळ्याला दोन तास लागतात. ज्यांना दोन तास जड वाटतात त्यांनी मफलर विणावा. त्याला माप लागत नाही.

ग्रॅम मोजून लोकर घेणं

नमुन्यात ‘५० ग्रॅमचे १० गुंडे’ लिहिलेलं असतं, आपल्या हवेला लोकर नको म्हणून सुती घ्यायचं ठरतं आणि सुतीचेही १० गुंडे घेतले जातात. सूत लोकरीपेक्षा जड असतं. डबल निटिंग, म्हणजे मध्यम जाडीच्या लोकरीचे ५० ग्रॅम साधारण १२० मीटर भरतात, त्याच जाडीच्या सुतीचे ८५ च्या आसपास. नमुन्याला हवेत १,२०० मीटर आणि हातात आलेत ८५०. दुसऱ्या बाहीआधीच खेळ खलास. १,२०० ला ८५ ने भागा: १५ गुंडे लागतात. कागदी पट्टीवर ग्रॅमच्या शेजारी मीटर छापलेले असतात, तेवढे वाचायला हवेत.

लडी वजनावर घेतली आणि पट्टीच नसली तर फूटपट्टीवर धागा न ताणता, शेजारी शेजारी गुंडाळा. एका इंचात साधारण १२ ते १४ वेढे बसले तर डबल निटिंग, त्याहून बरेच जास्त बसले तर बारीक. ‘फोर प्लाय’ या शब्दावर विसंबू नका. प्लाय म्हणजे किती पदर पिळलेत तेवढंच, आणि चार जाड पदरांची लोकर आठ बारीक पदरांच्या लोकरीहून जाड असू शकते.

लॉट नंबरही, म्हणजे लोकर रंगवलेल्या घाण्याचा नंबर, इथेच बघा. एकाच शेडचे दोन लॉट दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखे दिसतात, पण उन्हात छातीवर आडवी रेघ उमटते. एक गुंडा जास्तीचा घ्या आणि पट्टी जपून ठेवा. पट्टीसकट न उघडलेला गुंडा परत घ्याल का, हे घेतानाच विचारून ठेवा. लॉट बदलणं अगदीच टळत नसेल तर सरहद्दीवर काही ओळी जुन्या-नव्या गुंड्यांच्या आलटून पालटून विणा, दोन याच्या, दोन त्याच्या. त्याहून बरं म्हणजे दुसरा लॉट काठ आणि गळपट्टीला वापरणं. तिथे वीणच वेगळी असते, फरक लपतो.

दुकानातली प्रत्येक ‘लोकर’ लोकर नसते

आपल्या बाजारात लोकर म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं कृत्रिम धाग्याचं, म्हणजे अ‍ॅक्रिलिक असतं. त्यात वाईट काही नाही. रोज धुवायच्या बाळाच्या कपड्यांना ते सोयीचंच आहे. पण काय हातात आहे हे माहीत हवं, कारण दोघांचं मरण वेगवेगळं. अस्सल लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर नमद्यासारखा जाड नि लहान होतो. न्यू जर्सीतल्या नातवाला पाठवलेला स्वेटर वॉशिंग मशीन आणि ड्रायरमधून बाहुलीच्या मापाचा होऊन येतो तो असा. अ‍ॅक्रिलिकला मशीनचं भय नाही, इस्त्रीचं आहे. वाफेची इस्त्री टेकली की त्याचा ताणून परत येण्याचा गुण कायमचा जातो. काठ लोळागोळा होतो आणि धुऊन परत येत नाही. विणीला आकार द्यायचा तर कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट पसरा.

ओळखायचं कसं? पाच सेंमी धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. केस जळल्यासारखा वास, आपोआप विझणं आणि बोटाने चुरडणारी राख म्हणजे लोकर. जळक्या कागदाचा वास आणि मऊ करडी राख म्हणजे सूत. वितळून काळा कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. मणी गार होईपर्यंत हात लावू नका.

अस्सल असली तरी प्रत्येक लोकर अंगाला लावायची नसते. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू त्वचेला टोचतात. दख्खनी मेंढीची भरड लोकर घोंगडीसाठी उत्तम, बाळाच्या कुंचीसाठी मुळीच नाही.

बाकीच्या, भराभर

गळ्याचे टाके घट्ट बंद करणं. वर्षाच्या बाळाचं डोकं साधारण ४६ सेंमी असतं, गळा तेवढा ताणला गेला पाहिजे. बंद करताना एक नंबर जाड सुई घ्या, किंवा खांद्यावर दोन बटणं ठेवा आणि निश्चिंत व्हा.

पहिलाच स्वेटर काळ्या किंवा नेव्ही ब्लू रंगात विणणं. रात्री टाके दिसत नाहीत, चुका दिवसा दिसतात.

उलट टाक्याला लोकर सुईच्या खालून ओढणं. तिथे ती वरून फिरायला हवी. नाहीतर टाका सुईवर उलटा बसतो आणि पुढची सुलट ओळ पिळलेली, तिरकी पडते. तसा बसलेला टाका मागच्या पायातून (सुईच्या मागे असलेल्या अर्ध्या फासातून) विणला की सरळ होतो.

गाठ मारून नवा गुंडा जोडणं. गाठ एक दिवस उजव्या बाजूला येतेच. कडेला जोडा, दोन्हीकडे १५ सेंमी शेपूट ठेवा, नंतर सुईने विणीत ओवा.

गोल सुईवर टाके जोडण्याआधी ते पिळलेत का हे न बघणं. दहा ओळींनंतर कळतं आणि सगळं उसवण्यावाचून इलाज नसतो.

निसटलेला टाका बघून घाबरणं. क्रोशाची सुई घ्या, सुलट बाजू समोर ठेवा आणि शिडीची एकेक पायरी वर चढवत आणा. जाळीच्या विणीत हे जमत नाही, म्हणून तिथे दर नमुना-फेरीला टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा शिवणदोरा ओवून ठेवा. उसवायची वेळ आली तर वीण त्या दोऱ्यापाशी थांबते.

बाळासाठी केसाळ मोहेर घेणं. केस थेट तोंडात जातात. मोठ्या भोकांची जाळीही नको, बोटं अडकतात.

आणि बाळाचे विणलेले कपडे डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवणं. त्यातलं नॅफ्थलीन तान्ह्या मुलांना धोक्याचं असतं. कपडे धुऊन पूर्ण वाळवा आणि सुती पिशवीत भरा. पावसाळा संपला की एकदा उन्हात टाकून कसर लागलेली नाही ना ते बघा, विशेषतः काखेत आणि शिवणींच्या आत.