व्हर्च्युअल मशीनला कोर देताना या चुका टाळा

"भाऊ, आठ कोर दिले तरी हँग होऊन राह्यलं ना!" नागपुरात आयटी पार्कच्या टपऱ्यांवर ही तक्रार जुनीच. ती असते व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकाची. बहुतेकदा कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) कमी पडलेले नसतात, मांडणी चुकलेली असते.

अशी मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये दोन रकाने दिसतात: प्रोसेसर किती आणि दर प्रोसेसरमागे कोर किती. ४ गुणिले १ भरा नाहीतर १ गुणिले ४, खाली एकूण चारच येतात. म्हणून लोक पहिला रकाना वाढवतात आणि तिथेच फसतात. इथला प्रत्येक प्रोसेसर आतल्या विंडोजला वेगळं सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) म्हणून दिसतो, आणि विंडोज ११ होम एकच सॉकेट वापरतं, प्रो दोन. होमला ४ प्रोसेसर दिले की तीन वाया, आणि एररही येत नाही! मशीनच्या आत टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि 'व्हर्च्युअल प्रोसेसर्स'समोरचा आकडा बघा. दिले तेवढे दिसत नसतील तर मशीन पूर्ण शटडाउन करा (सस्पेंड चालत नाही) आणि १ प्रोसेसर, ४ कोर असं भरा. केव्हीएम (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) वापरणाऱ्यांनीही टोपॉलॉजी, म्हणजे सॉकेट आणि कोरची मांडणी, तपासावी, तिथेही प्रत्येक कोर वेगळं सॉकेट म्हणून गेलेला असू शकतो. आत लिनक्स असेल तर ही भानगड नाही.

दुसरी चूक हावरेपणाची. लॅपटॉपला ४ कोर, ८ थ्रेड; मशीनला दिले सरळ ८. मग होस्टने, म्हणजे खऱ्या लॅपटॉपने, काय करायचं? हायपरथ्रेडिंगचे (एकच कोर दोन थ्रेड म्हणून दाखवण्याचे) कोर हिशेबात धरू नका, हे व्हर्च्युअलबॉक्स या अशाच सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. अशा लॅपटॉपवर २ द्या, फार तर ३.

सॉफ्टवेअरची स्वतःची मर्यादा घरगुती वापरात क्वचितच आड येते. वर्कस्टेशन १६ एका मशीनला ३२ पर्यंत देतं, मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचं जनरेशन १ (जुन्या प्रकारचं) मशीन ६४ पर्यंत. व्हीएमवेअरच्या सर्व्हरसाठीच्या फुकटच्या ईएसएक्सआयवर मात्र ८ च्या वर जाता येत नाही, तिथे सर्व्हर कितीही तगडा असो. आणि मशीन सुरूच होत नसेल तर आधी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हीटी-एक्स (इंटेल) किंवा एसव्हीएम (एएमडी) ही व्हर्च्युअल मशीनसाठीची सोय चालू आहे का बघा.

एक खास आपल्याकडचं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की लॅपटॉप तापतो आणि प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. होस्टच्या टास्क मॅनेजरमध्ये 'स्पीड' बेस स्पीडच्या खूप खाली अडकलेला दिसला, तर कोर वाढवून उपयोग नाही, तापणं वाढेल. मशीनचा एक कोर कमी करून बघा.