गौरीजेवणाची तयारी, आणि वाल

आधी वाल. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. पूजन सोमवारी असेल तर शुक्रवारी रात्री वाल भिजत पडले पाहिजेत. रविवारी रात्री नव्हे, शुक्रवारी. गेल्या वर्षी मी आवाहनाच्या संध्याकाळी, गौरी घरात आल्यावर, हळदीकुंकवाचा हात पुसत वाल भिजत घातले. मोड कुठले यायला! सकाळी कढत पाण्यात घालून नखांनी सालं ओरबाडली, अर्धी निघालीच नाहीत. मग घाबरून कुकरला लावले आणि त्यांचा लगदा झाला. पंगतीत सासूबाई म्हणाल्या, "पिठलं छान झालंय हो." वीस माणसं ऐकत होती.

तर वीस माणसांना एक किलो कडवे वाल. यंदाचेच घ्या, जुन्यांना मोड येत नाहीत आणि वाणी ते कबूल करत नाही. आधी निवडून खडे काढा. रात्रभर भरपूर पाण्यात, सकाळी पाणी पूर्ण निथळून ओल्या फडक्यात घट्ट पुरचुंडी. पूर्ण म्हणजे पूर्ण. भाद्रपदातल्या दमट हवेत पाणी राहिलं की वाल बुळबुळीत होतात आणि घरभर वास सुटतो. रविवारी सकाळपर्यंत मोड दिसतील. दुपारी कोमट पाण्यात घालून सोलायला बसा, आणि एकट्याने बसू नका. किलोभर वाल सोलायला एका माणसाला दोन-अडीच तास सहज लागतात. जाऊ, नणंद, मोबाइल बघत लोळणारा मुलगा, जो दिसेल त्याच्यापुढे परात सरकवा. सोललेल्या डाळिंब्या डब्यात घालून फ्रीजमध्ये. मंडईत सोललेले मिळतात म्हणून निर्धास्त राहू नका, गौरीच्या दिवशी सगळी मंडई तेच शोधत असते.

पुरणाला डाळ आणि गूळ सारखेच. किलोभर डाळीच्या तीस-पस्तीस पोळ्या होतात. पुरण आदल्या रात्रीच वाटून ठेवा, आणि डाळ शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, नाहीतर कटाची आमटी कशाची करणार? पुरणयंत्राची जाळी सापडते का ते आज बघा. नारळ लागतील त्यापेक्षा दोन जास्त, एक नासका निघतोच. गॅसचा दुसरा सिलिंडर. तूप, लिंबं, मीठ वगैरे सांगायला नको.

अळू चिरताना हाताला तेल, शिजताना चिंच हवीच. चिंच कमी पडली की पाहुण्यांचे घसे खाजतात आणि वर्षभर तेच निघतं. फदफद्यातली चणाडाळ आणि शेंगदाणेही आदल्या रात्री भिजवायचे असतात. पण ते विसरलात तर गरम पाण्यात तासाभरात निभतं. वालांचं निभत नाही. म्हणून पुन्हा सांगते: शुक्रवार, रात्र, वाल. फोनवर गजर लावा.

सोमवारी सकाळी डाळिंबी उसळ आधी करू नका, अळू आणि पुरणपोळ्यांची कणीक आधी. उसळ शेवटी, मंद आचेवर, झाकणावर पाणी ठेवून. आमसूल आणि गूळ डाळिंब्या शिजल्यावरच. आधी आंबट घातलं तर त्या दडदडीत राहतात. डाव घालून ढवळू नका, भांडं हलवा, नाहीतर मोडतात. कुकरचं नावही काढू नका.

बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पंचामृत, भजी: रोजच्या हाताने होतात. भज्यांचं पीठ नैवेद्याच्या वेळीच भिजवा. कांदा-लसूण आज नाही.

पानं वाढताना केळीच्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे. आधी नैवेद्य, मग पंगत. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाज्या उजवीकडे, वरणभातावर तूप. पोळी गरम. विडे. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना आधीच विचारून ठेवा, त्यांच्याही घरी गौरी असतात.

आणि सोललेल्यातल्या वाटीभर डाळिंब्या उसळीत न घालता बाजूला काढा, विसर्जनाच्या दिवशी भातात घालायला.