गटार, लाईट, उतारा: पंचायत नाहीतर मनपाकडून काम कसं करून घ्यायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या लोकांसाठी हे लिहितोय. आपल्याकडं तक्रार सगळेच करतात पण तोंडी, मेंबर रस्त्यात भेटला की सांगायचं आणि मग वर्षभर वाट बघत बसायचं, आणि तोंडी सांगितलेल्याची ऑफिसात कुठंच नोंद नसते त्यामुळं परत विचारायला गेलं की सुरुवातीपासून सगळं सांगा. म्हणून कागद द्या आणि पोच घ्या, बाकी सगळं त्याच्यानंतर.

पण आधी काम कुणाचं ते बघा. गावातला आतला रस्ता, गटार, नळाचं पाणी हे ग्रामपंचायतीचं, दोन गावांना जोडणारा रस्ता बहुतेक जिल्हा पंचायतीच्या इंजिनिअरिंग खात्याकडं, मोठा जिल्हा रस्ता किंवा राज्यमार्ग असला तर पीडब्ल्यूडी. बेळगाव शहरात मनपा आहे, खानापुरात पट्टण पंचायत, निपाणीत नगरपालिका, आणि कॅम्पात राहत असाल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड, तिथं मनपाकडं जाऊन काही उपयोग नाही. खांबावरचा दिवा गेला तर पंचायत किंवा मनपा, पण तार लोंबकळत असली, ट्रान्सफॉर्मर उडाला तर हेस्कॉम म्हणजे आपली वीज कंपनी, १९१२ ला फोन करा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

आता निवेदन. एका कागदावर एकच काम लिहा. गटार, लाईट, कचरा सगळं एकात घातलं की तो कागद कुठल्याच टेबलावर नीट बसत नाही. जागा नेमकी लिहा (अमक्या देवळापासून तमक्याच्या दुकानापर्यंत), फोटो जोडा, गल्लीतल्या जेवढ्या घरांना त्रास आहे त्या सगळ्यांच्या सह्या घ्या, बायकांच्या पण घ्या कारण पाणी आणि गटार रोज त्याच बघतात. दोन प्रती करा, एकीवर शिक्का, तारीख आणि सही मागून घ्या. पंचायतीत निवेदन पीडीओच्या (पंचायत विकास अधिकाऱ्याच्या) नावानं द्या, मेंबरांची मुदत संपून प्रशासक आला तरी पीडीओ असतोच.

भाषेचं काय, हे सगळे विचारतात. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमात लिहिलंय की गाऱ्हाणं मांडायचं निवेदन देशात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीत दिलं म्हणून परत करायचं कारण नाही. तो आपला हक्क आहे आणि तो वापरलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, वापरला नाही तर कागदावरच राहणार. पण काम लवकर व्हायचं असेल तर मराठी निवेदनाला कन्नड प्रत पण जोडा, कारण फाईल पुढं तालुक्याला जाते आणि तिथला क्लार्क कन्नडच वाचणार. गल्लीत कन्नड शाळेत शिकलेली पोरं असतात, त्यांच्याकडून लिहून घ्या.

उताऱ्याचं वेगळं. गावातल्या घराचा ई-स्वत्तू (पंचायतीचा ऑनलाईन मालमत्ता उतारा) काढायचा म्हणजे फॉर्म नऊ आणि अकरा, आणि गावठाणातलं घर असलं तर सर्वे खात्याचा नकाशा लागतो, त्यात वेळ जातो, म्हणून लोन काढायच्या किंवा वाटणीच्या आधी बरेच महिने हे सुरू करा. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळवून बघा, मराठी आडनाव कन्नडमध्ये जाताना एखादं अक्षर बदलतं आणि मग बँकेत अडतं. जन्म दाखला, खाते बदल (मालमत्तेवरचं नाव बदलणं) असल्या सेवा सकाल कायद्यात, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायच्या कर्नाटकाच्या कायद्यात येतात, तिथं अर्ज दिल्यावर पंधरा आकडी नंबरची पावती मिळते, ती मागितल्याशिवाय काऊंटर सोडू नका. मुदत उलटली तर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं आणि उशिराबद्दल दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. रक्कम छोटी आहे, पण अपील गेलं की त्या टेबलावर उशिराची नोंद होते.

ग्रामसभेला जा, खरंच जा. सहा महिन्यांतून एकदा तरी ती घ्यावी लागते आणि त्याच्या आधी वॉर्डसभा, पुढच्या वर्षी कुठली कामं करायची ती यादी तिथंच ठरते. नुसतं बोलून येऊ नका, आपला विषय ठरावात लिहिला का ते बघा आणि ठरावाची प्रत मागा.

खानापूरच्या जंगल भागात तर ठरावच सगळं आहे. भीमगड अभयारण्याच्या आतल्या वाड्यावस्त्यांना पावसात नाला ओलांडायला अजून सांकवाचाच आधार, आणि रस्ता मागितला की वनखात्याची परवानगी नाही एवढं एकच उत्तर येतं. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे, त्यात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची पाईपलाईन, वीजतारा, रस्ता अशा १३ सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ही शिफारसच नसेल तर प्रस्ताव पुढं जाणार कसा? ठराव करताना कलमाचा नंबर घालून करा, आणि दवाखाना गाठायला पावसात किती वेळ लागतो, आजारी माणसाला कसं न्यावं लागतं हे त्यात स्पष्ट लिहा.

निवेदनाला उत्तरच आलं नाही तर तालुका पंचायतीच्या ईओला (कार्यकारी अधिकाऱ्याला) पोचेची झेरॉक्स लावून स्मरणपत्र द्या, सरकारच्या १९०२ नंबरवर पण तक्रार नोंदवता येते. काम झालं पण निकृष्ट झालं असं वाटलं तर माहिती अधिकार वापरा. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, एकच विषय आणि कर्नाटकात १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून काम का नाही केलं असले प्रश्न घालू नका, एस्टिमेट, मेजरमेंट बुक (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) आणि बिलाची प्रत एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रत हातात आली की गल्लीतली चार माणसं टेप घेऊन रस्त्याची लांबी, रुंदी मोजा आणि आकडे जुळले नाहीत तर तेच आकडे घालून पुढचं निवेदन द्या.