फ्लेक्स ट्रॅकचं वळण: रूळ मागवण्याआधी आणि वाकवण्याआधी

मॉडेल रेल्वेसाठी फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा रूळ, मागवण्याआधी आपल्याकडचा सगळ्यात लांब डबा मोजून घ्या. नाशिकरोडच्या फलाटावर गाड्या बघत वाढलेल्या माणसाला एचओमध्येही (खऱ्याच्या 87 पट लहान मापात) एलएचबीचाच, म्हणजे नव्या लांब डब्यांचाच रेक हवा असतो. खरा डबा साडेतेवीस मीटरचा, 87 नं भागला की 27 सेंटीमीटर. वळणाची त्रिज्या त्याच्या निदान अडीचपट धरा, जागा असेल तर तिप्पट, म्हणजे 67 ते 81 सेंटीमीटर. चार बाय आठच्या प्लायवर हे वळण बसतच नाही, कारण रुंदी 122 सेंटीमीटर आणि कडेला थोडी जागा सोडावीच लागते. तेव्हा एकतर जुने, थोडे आखूड आयसीएफ डबे आणि 55 ची त्रिज्या यांवर भागवा (ती त्यांनाही अडीचपटीला थोडी कमीच पडते), नाहीतर भिंतीच्या कडेनं फळी टाका. मी दुसरं केलं आणि आज कोणी विचारलं तरी तेच सांगेन.

त्रिज्या ठरली की हिशेब सोपा आहे. 70 सेंटीमीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाला 220 सेंटीमीटर रूळ लागतो आणि फ्लेक्स ट्रॅकची एक लांबी 36 इंचांची, म्हणजे साधारण 91 सेंटीमीटर. अडीच लागतील, तीन मागवा, आणि सगळ्या मांडणीमागे एखाददुसरी जास्तीची ठेवा, कारण पहिली लांबी हात बसण्यातच जाते. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. आपल्याकडचा मीटरला 60 किलोचा खरा रूळ 172 मिलीमीटर उंच असतो, तो 87 नं लहान केला की 2 मिलीमीटरच्या आसपास येतो, म्हणून दिसायला कोड 75 किंवा 83 बरोबर वाटतो. जुन्या गाड्यांच्या चाकांची कड खोल असेल तर मात्र कोड 100 च घ्या. एकाच वळणात दोन कंपन्यांचा ट्रॅक मिसळू नका. काही ट्रॅक सोडला की सरळ होतो, काही वाकवला तसाच राहतो, आणि दोन्हींची सवय वेगळी करावी लागते. ट्रॅक कुरिअरनं येतो, तेव्हा पीव्हीसी पाइपात किंवा लाकडी पट्टीला बांधून पाठवायला आधीच सांगा. वाटेत मुरडलेली लांबी वळणावर पुन्हा सुरेख होत नाही.

बाकी सामान गावातच मिळतं. रविवार कारंजा ते मेन रोड एवढी एक चक्कर मला पुरते: बारीक कानस, सोल्डरिंग आयर्न, राळेची पेस्ट (ॲसिडवाली नको, ती रूळ खाते), फेव्हिकॉल, कॉर्क शीट, छोटे खिळे आणि पाच-सहा फुटांची लवचिक बीडिंगची पट्टी. रूळ कापायची कटर पकड मात्र ट्रॅकबरोबरच मागवा. कापताना चष्मा लावा, तुकडा उडतो.

आता आखणी. लाकडाच्या पट्टीला एका टोकाला खिळा, 70 सेंटीमीटरवर भोक, त्यात पेन्सिल, झाला परकार. पण सरळ रेषा वर्तुळाला थेट भिडवू नका. ती साधारण 1 सेंटीमीटर बाहेर सरकवा आणि मधली जागा बीडिंगच्या पट्टीनं जोडा. पट्टी आपोआप हळूहळू वळते, आणि डबेही तसेच वळतात. उजवं वळण संपून लगेच डावं येत असेल, तर मध्ये एका लांब डब्याएवढा सरळ तुकडा हवाच.

खरं काम सांध्याचं. माझ्या पहिल्या वळणात मी दोन लांब्या वाकवून मग जॉइनरनं (रुळांची टोकं जोडणाऱ्या छोट्या पत्र्यानं) जोडल्या. डोळ्यांना ठीक दिसलं, पण सांध्याशी रूळ सरळ व्हायला बघत होते आणि तिथे कोन पडला. रेकचा चौथा डबा प्रत्येक फेरीला तिथेच उतरायचा. दोन लांब्या उचटून नव्यानं टाकाव्या लागल्या. तेव्हापासून मी आधी टेबलावर, सरळ फूटपट्टीला टेकवून, दोन लांब्या सोल्डर करतो आणि मगच एकत्र वाकवतो. ट्रॅकच्या दोनपैकी एकच रूळ स्लीपरमध्ये सरकणारा असेल, तर दोन्ही लांब्यांचा तो रूळ आतल्या बाजूला आला पाहिजे, हे कथील लावण्याआधी बघून घ्या. सांध्याजवळचे दोन स्लीपर आधी काढून ठेवा, नंतर त्यांचे रूळ धरणारे वरचे कंगोरे तासून खाली सरकवता येतात.

वाकवताना घाई नको. दोन्ही हातांचे अंगठे आतल्या बाजूला ठेवून चार-पाच बोटांच्या अंतरानं थोडं थोडं वळवत जा. बाहेरच्या कडेला स्लीपर पंख्यासारखे फाकतात आणि आतला रूळ टोकाला बाहेर येऊ लागतो. त्रिज्या कितीही असो, अर्धवर्तुळात हा फरक 52 मिलीमीटरच येतो, कारण तो फक्त 16.5 मिलीमीटरच्या गेजवर, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावर ठरतो. हा वाढलेला भाग ट्रॅक जागेवर खिळ्यांनी धरल्यावरच कापा, आधी नाही. कापलेलं टोक कानशीनं घासा, वरची आणि आतली धार किंचित मोडा, मग सांध्यावरून नख फिरवा. नख अडलं तर चाकही अडेल.

नाशिकचं हवामानही धरा. गच्चीवरच्या खोलीत मे महिन्यात 40 अंश आणि थंडीत पहाटे 10 च्या खाली. तीस अंशांच्या फरकानं एक लांबी जेमतेम अर्धा मिलीमीटर वाढते, पण सोल्डर केलेल्या वळणाची सगळी वाढ त्याच्या टोकांना जमा होते. थंडीत रूळ टाकत असाल तर वळण संपल्यावरच्या सरळ सांध्यात व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठेवा. पावसाळ्यात प्लाय फुगतो, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी रंग द्या आणि रूळ दसऱ्यानंतर टाका.

फेव्हिकॉल लावण्याआधी खिळ्यांवरच सगळ्यात लांब रेक दोन्ही दिशांना हळू चालवा, एकदा ढकलतही न्या. ढकलताना डबा उतरला तर त्या जागी पेन्सिलची खूण करा, खिळे सैल करून रूळ सरकवा आणि पुन्हा चालवून बघा.