पोरगं बेसबॉलच्या संघात निवडलं गेलं, आता घरच्यांनी काय करायचं?

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात पोरगं ‘मॅचले जातो’ म्हणालं की ऐकणारा क्रिकेटच समजतो. मीही तेच समजले होते. माझा मुलगा आठवीत आहे, 14 वर्षांखालच्या शालेय बेसबॉल संघात पिचर, म्हणजे बॅटवाल्याकडे चेंडू फेकणारा. मी घरी ब्लाउज शिवते, त्याचे बाबा शेती पाहतात. हा खेळ आम्हा दोघांनाही कळत नव्हता. यंदा गावातली आणखी चार पोरं निवडली गेलीत आणि त्यांच्या आया रोज माझ्या मशीनपाशी येऊन विचारतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी कागद. जन्माचा दाखला, आधार आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, या तिन्हींवर नाव अन् जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का ते पेरण्या आटोपल्या की लगेच बघा. आमच्या एका उकारापायी तालुक्याला दोन खेपा झाल्या.

मग क्रिकेट विसरवायचं, आणि हे घरीच करावं लागतं. पोराच्या हातची बॅट सुटत नाही. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पळायचं, आणि चेंडू रेषांच्या आत पडला तर पळावंच लागतं. ‘नको, थांब’ असं म्हणायची सोय नाही. आम्ही खताच्या चार रिकाम्या पोत्यांत कुटार भरलं आणि अंगणात चौकोनात ठेवली. ही झाली बेस, म्हणजे पळताना पाय लावायचे टप्पे. आबा खाटेवरून ओरडायचे, “बॅट टाक ना बे, काहून सोबत नेतं?” पहिल्या बेसला पाय लावून सरळ पुढे पळत गेलं तरी चालतं. दुसऱ्या-तिसऱ्यावर मात्र थांबावं लागतं. तिथून पुढे घसरला आणि समोरच्या संघातल्याचा चेंडूसकट हात लागला की बाद. मोठ्यांच्या मैदानात दोन बेसमधलं अंतर 27.43 मीटर असतं. पोरांसाठी किती ते सरांना विचारून तेवढंच मोजा. चेंडू क्रिकेटच्या लेदर बॉलपेक्षा थोडासाच हलका असतो, म्हणून हेल्मेटशिवाय बॅटिंग करू देऊ नका.

ग्लोव्ह नवा असला तर पुठ्ठ्यासारखा कडक असतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याला तो डाव्या हातात लागतो, घेताना हे तपासा. मऊ करायला आमच्या सासूबाईंनी मायेने जवसाचं तेल चोळलं. ते तेल मुरत नाही, वाळून कडक होतं. चार दिवसांत ग्लोव्हची सुपारी झाली. नंतर दुसरा, जुना ग्लोव्ह मिळाला. त्याला बोटभर व्हॅसलीन लावून कापडाने पुसलं, तळव्यात चेंडू ठेवला, माझ्याकडच्या इलॅस्टिकने गच्च बांधला आणि रात्रभर गादीखाली ठेवला. आठवडाभर असं केल्यावर तळव्यात खोबण पडली.

आता खरं महत्त्वाचं, ते म्हणजे पिचरचा हात. चांगला पिचर एखादाच असतो, मग प्रत्येक सामन्यात त्यालाच उभं करतात. लिटल लीग ही पोरांच्या बेसबॉलची अमेरिकेतली संस्था, तिचा नियम असा आहे: 13-14 वर्षांच्या पोराने दिवसाला 95 पेक्षा जास्त पिच, म्हणजे फेकी, टाकायच्या नाहीत, 11-12 वर्षांच्याने 85. आणि 14 वर्षांपर्यंतच्या पोराने एका दिवसात 66 किंवा जास्त टाकल्या तर पुढे चार दिवस पिचिंग बंद. आमच्या सामन्यांत कोणी मोजत नव्हतं. मी पदरात तुरीचे दाणे बांधून नेले. एक पिच पडली की एक दाणा स्टीलच्या डब्यात. दाणे सत्तरावर गेले तेव्हा त्याचं कोपर खाली यायला लागलं होतं आणि चेंडू वर-वर जात होता. थकल्याची हीच खूण. डबा घेऊन सरांकडे गेले.

“ताई, एकच इनिंग राहिली.”

“सर, दाणे मोजून घ्या.”

सर हसले, पण त्याला पहिल्या बेसवर पाठवलं. तिथे फेकायचं काम कमी. कॅचर, म्हणजे बॅटवाल्यामागे बसून चेंडू झेलणारा, मात्र करू देऊ नका, त्यालाही सारखं फेकावं लागतं. तो सामना आम्ही हरलो. दोन दिवस काही बाया माझ्याशी बोलल्या नाहीत, चालायचंच.

घरी आणखी एक भांडण झालं. सामने नेमके सोयाबीनच्या सोंगणीत आले. फेकून आलेल्या हाताला विळा देऊ नका. त्याचे बाबा म्हणाले, “चार दिवस बसून राह्यल का मंग?” बसला नाही, बैलांना पाणी पाजलं, डाव्या हाताने बादली उचलली.

डब्यात दशम्या आणि चटणी द्या, प्रवासात तळलेलं टाळा. आमचा खारपाणपट्टा, म्हणून पिण्याचं पाणी घरून न्या, त्यात लिंबू-मीठ-साखर. परतीच्या एसटीत सामन्याबद्दल विचारू नका, तो स्वतःहून बोलतो. आमचा आसेगावपर्यंत गप्प होता.

आणि ती पांढरी पँट. घसरून बेस गाठला की ढुंगणापासून घोट्यापर्यंत काळी माती. ओली असताना पाण्यात बुडवली तर डाग आणखी पसरतो. वाळू द्या, झाडून घ्या, ब्रशने उरलेली काढा, मगच साबण लावा. गुडघ्याला आतून दुहेरी कापड आधीच टाचून ठेवा; फाटल्यावर माझ्याकडे आणलीत तर सोंगणी संपेपर्यंत हात लावणार नाही.