हिवाळ्यात संत्रा कसा खावा

आमच्या वरुडकडे (अमरावती जिल्हा) आंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांचा, संत्रा दिवाळीच्या आसपास सुरू होतो. घेताना रंगावर जाऊ नका, हिरवट सालीचाही गोड निघतो. हातात घेऊन वजन बघा. फुगलेला नि हलका असेल तर आतून कोरडा. फोडींवरच्या पांढऱ्या शिरा मी काढत नाही. पोट साफ ठेवणारे तंतू त्यातच असतात. रस गाळला की ते चोथ्यात जातात, म्हणून अख्खाच खा. तापवू तर नकाच, उष्णतेनं सी जीवनसत्त्व कमी होतं. मी दुपारी वावरात भाकर-पालकभाजीसोबत दोन खातो, म्हणजे त्यातल्या सी जीवनसत्त्वानं भाजीतलं लोह अंगी लागतं. चहानं ते कमी लागतं, म्हणून चहा तासाभरानं. संत्र्यानं सर्दी होते म्हणणारी आमची आजी स्वतः उन्हात बसून चार संपवायची! आंबिया संपला की मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांचा, संत्रा येईपर्यंत सी जीवनसत्त्वासाठी वरणावर लिंबू पिळा.